कादंबरीवरचा ठराव

आमच्या घरात पुस्तकांआधी पत्रकं आली. जयंतीची, मोर्चाची, परिषदेची. रविवारी दुपारी विहारात वस्तीतल्या बायकांना मी ती मोठ्यानं वाचून दाखवायचे. वाचून झालं की कुणीतरी ठराव मांडायचं, बायका हात वर करायच्या, तो वहीत लिहिला जायचा आणि अध्यक्ष म्हणून माझे वडील खाली सही करायचे. झालेला ठराव पाळायचाच, हा त्यांचा नियम.

मी नववीत असताना त्यांनी औरंगपुऱ्यातून एक नवीकोरी कादंबरी आणली. ती पाच रविवार चालली. नवऱ्याच्या माराला कंटाळून माहेरी आलेल्या बाईची गोष्ट. आत्या सगळ्यांच्या मागं भिंतीला टेकून ऐकायची. तीही दोन वर्षांपूर्वी अशीच आमच्याकडं आली होती. येत्या गुरुवारी तिच्या सासरची माणसं बिडकीनहून तिला न्यायला येणार होती आणि वडिलांनी त्यांना अजून नाही म्हटलं नव्हतं.

शेवटच्या पानावर ती बाई मुकाट्यानं नवऱ्याकडं परत गेली. मी पुस्तक मिटलं.

"ह्या लेखकाला बहीण नाय वाटतं," शेजारच्या काकू म्हणाल्या. "मांडा ठराव. बाईनं परत जाऊ नये."

"अहो, कादंबरीवर ठराव होत नसतो," वडील म्हणाले.

"का वं अध्यक्ष? पत्रकावर व्हतो, मंग हिच्यावर का नाय? पाच आयतवार आमी काय झोपाया आलतो?"

हशा पिकला आणि हात वर झाले. आत्याचा हात सगळ्यांत शेवटी वर गेला. बाकीचे खाली आले तरी तो तसाच होता. वडिलांनी तिच्याकडं पाहिलं आणि सही केली.

साधा वाचक पुस्तक आणि आयुष्य यांची गल्लत करतो, असं समीक्षक आजही लिहितात. त्यांनी त्या रविवारी तिथं बसायला हवं होतं. पुस्तकातली बाई कागदाची आहे, हे विहारातल्या प्रत्येकीला ठाऊक होतं. आत्याचं नाव एकीनंही घेतलं नाही.

ठरावाची प्रत प्रकाशकाला पाठवली. उत्तर कधीच आलं नाही.

गुरुवारी आत्याचे सासरे आणि दीर आले. चहा झाल्यावर वडील म्हणाले, "तिला पाठवणार नाही. आमच्याकडं तसा ठराव झालाय."

दीर हसला. "सुनांच्या नांदण्यावरबी ठराव घेता व्हय आता?"

"घेतो," वडील म्हणाले.

आत्यानं त्यांच्यासमोरचे रिकामे कप उचलले.