आधी नववी, मग चर्च

देवासच्या बस स्टँडवर कुक्षीची गाडी लागली तेव्हा आई रडत होती आणि काकू तिला रडायला मदत करत होती. जुन्या संस्थानात ज्यांच्या पणजोबांनी कारकुनी केली, त्यांची लेक मिशनच्या शाळेत मास्तरीण व्हायला निघाली होती, तीही कुक्षीपलीकडच्या खेड्यात! बाबा तेवढे शांत होते. म्हणाले, "भ्यायचं असेल तर आत्ताच भिऊन घे. गाडी सुटल्यावर नाही." मी भिऊन घेतलं आणि चढले.

तुम्हा देवासच्या मराठी घरांतले काही तिथंच राहिले, काही पुण्याला, अमेरिकेला गेले. माझं जाणं मात्र कुणाच्याच हिशेबात नाही. धार जिल्हा तो काय, एका दिवसाची बस! पण तिथं मराठी बोलायला माझ्याकडे फक्त कुकर होता. आज मी पानांत गुंडाळलेले मक्याचे पानिये चुलीत स्वतः भाजते आणि चिडले की हिंदीतच चिडते.

तेव्हा तिथं चर्चची इमारत नव्हती. आधी शाळा आली होती. तिच्या लांबलचक खोलीत एका भिंतीवर फळा, समोरच्या भिंतीवर क्रूस. शनिवारी शाळा सुटताना मुलं बाकं फिरवून क्रूसाकडे करत, रविवारी मिस्सा, म्हणजे चर्चची उपासना, होई आणि सोमवारी बाकं पुन्हा फळ्याकडे वळत. मला हे कुणी सांगितलंच नव्हतं. पहिल्या सोमवारी मी मुलांच्याही आधी पोचले, बाकांचं तोंड ज्या भिंतीकडे होतं तिथंच उभी राहिले आणि क्रूसाखालून तासभर भूगोल शिकवला. शेवटी एक मुलगी धीर करून म्हणाली, "बैनजी, बोर्ड तो पीछे है." देवासला असंच शिकवत असतील, असं बाकीच्यांना वाटलं होतं.

शाळा आठवीपर्यंतच. पुढं कुक्षीला जावं लागे. मुलगे जात, मुली घरी बसत. दर उन्हाळ्यात माझ्या हुशार पोरी गुरांमागे जाताना दिसत आणि माझा जीव जळे. मी फादरांच्या मागे लागले, की नववी काढा. ते केरळचे, सज्जन. म्हणत, "टीचर, कमरा किधर है?"

कमरा नव्हता, पण विटा होत्या. चर्च बांधायचं म्हणून पॅरिशमधल्या ख्रिस्ती कुटुंबांनी नाल्याकाठी भट्टी लावून स्वतः पाडलेल्या. मी परधर्माची, त्या विटा मागायला माझी जीभ रेटेना. तरी बैठकीत उभी राहिले आणि मागितल्या. मग नानकादादा उठले. सगळ्यात जास्त विटा त्यांच्याच घरच्या होत्या. म्हणाले, "भगवान तो झाड़ के नीचे भी रह लेगा, बैनजी. छोरी नौवीं में कहाँ बैठेगी?"

नववी उभी राहिली, पुढं दहावी. चर्च कित्येक वर्षं मागे पडलं. त्याबद्दल कुणी मला एका शब्दानं बोललं नाही. बोलली ती देवासची काकू: "बाटली का गं ही?" तिला सांगते, इतक्या वर्षांत मला तिथं कुणी धर्म विचारला नाही. बाबा एकदा आले होते. मिस्सेला शेवटच्या बाकावर बसले आणि परतताना म्हणाले, "देव आणि फळा एकाच खोलीत नांदतात. बरं आहे." त्यांची गाडी सुटल्यावर मी खूप रडले.

आता चर्च झालं आहे, चांगलं उंच, शाळेचे वर्गही नव्या खोल्यांत गेले आणि जुनी खोली रिकामी झाली. या उन्हाळ्यात मी निवृत्त झाले. नव्या फादरांना खोली लग्नकार्यांसाठी हवी होती, मला अकरावीसाठी. पुन्हा बैठक झाली. पण या वेळी मला तोंड उघडावंच लागलं नाही. पहिल्या नववीतल्या बाया पदर खोचून उभ्या राहिल्या: "हम नौवीं में बैठीं. हमारी छोरियाँ ग्यारहवीं में बैठेंगी." फादर हसले आणि हो म्हणाले. शिकवणार कोण, एवढंच त्यांनी विचारलं. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

त्याच संध्याकाळी धाकट्या भावाचा देवासहून फोन आला. "ताई, वरची खोली रंगवून घेतली, एकदम रेडी. नोकरी संपली ना? आता घरी ये."

"येईन की," मी म्हटलं. "दिवाळीला, चार दिवस. जास्त नको रे, घर बंद ठेवता येत नाही."