जरासं पिवळं

मासळी ताजी की शिळी, हे आमची आई तिच्या डोळ्यांवरून सांगायची. ठाण्याच्या बाजारात भल्याभल्या गिऱ्हाइकांनी तिच्यापुढे हात टेकले होते. घरीही तिचा तोच खाक्या. वडील आम्ही लहान असतानाच गेलेले, त्यामुळे घरात सगळा शब्द तिचा. सकाळी डोक्यावर पाटी घेण्याआधी ती माझ्या मोठ्या भावाला उंबऱ्यात उजेडाकडे तोंड करून उभा करायची, अंगठ्याने त्याची खालची पापणी ओढायची आणि म्हणायची, "डोले दाखव." पिवळे दिसले की मासळी बंद, तेल बंद आणि गळ्यात काविळीची माळ. कोळ्याच्या पोराला मासळी बंद म्हणजे फाशीच. माझे डोळे मात्र कधी कुणी पाहिले नाहीत. मुलीच्या जातीला काय धाड भरतेय!

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळात कळलं, की ही साधी कावीळ नव्हेच. त्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी जन्मापासूनच नाजूक होत्या आणि पोटातली पाणथरी, म्हणजे प्लीहा, त्या पकडून मोडत होती. असलं दुखणं घराण्यातून येतं, असं डॉक्टर म्हणाले. त्यांनी पाणथरी काढली, अख्खी. घरी सोडताना आईला आणि मला समोर बसवून सांगितलं, "याला आता ताप आला तर साधा समजायचा नाही. तडक घेऊन यायचं." आईने मान डोलावली.

पुढची दोन वर्षं आमच्या घरातली सगळ्यात चांगली. भाऊ बोंबलाचं कालवण ताट चाटूनपुसून खायचा, खाडीत डुंबायचा. आई शेजारणींना बोलावून त्याचे डोळे दाखवायची. "बघ, कशे पांढरेफेक."

एका सकाळी त्याला ताप भरला. आईने उचललेली पाटी खाली ठेवली, पापणी ओढली. "पिवले नाय. साधा ताप हाय, नीज रे," म्हणाली आणि बाजाराला गेली. डॉक्टरांचं बोलणं मला शब्दन् शब्द आठवत होतं. चौदा वर्षांची होते, काही कुक्कुलं बाळ नव्हते. पण आईने डोळे पाहिले होते, आणि आमच्या घरात त्यावर अपील नव्हतं. दुपारी त्याचे हातपाय गार पडले, पायांवर जांभळे डाग उठले. शेजाऱ्यांनी त्याला रिक्षात घालून इस्पितळात नेलं. संध्याकाळी तो गेला. डोळे शेवटपर्यंत पांढरे होते.

त्यानंतर आईने कुणाचीही पापणी ओढली नाही. तिच्या डोळ्यांतून मी कधी टिपूसही पाहिलं नाही. मी तिला दोष दिला नाही, कारण त्यातला अर्धा माझा होता.

लग्न होऊन मी विठ्ठलवाडीला आले. नव्वदचं दशक संपत आलं होतं, तेव्हा माझी सहा वर्षांची मुलगी पिवळी पडली. डॉक्टरांनी तिच्याबरोबर माझेही डोळे पाहिले आणि म्हणाले, "तुमच्याकडूनच आलंय. तुम्हाला सौम्य आहे, इतकंच." तिशी उलटली तेव्हा माझी पापणी ओढणारं कुणी भेटलं.

ऑपरेशन करणारे डॉक्टर म्हणाले, "पाणथरी पूर्ण काढणार नाही. एक तुकडा ठेवू. जंतूंशी लढायला तो लागतो." आई शेजारी बसली होती. मासा साफ करताना पोटात काही राहिलं तर सगळा नासतो, हे तिचं शास्त्र. मला वाटलं, आता वाद घालणार. तिने फक्त विचारलं, "तवा नव्हता का ठेवता येत?"

"तेव्हा आपल्याकडे हे कोणी करत नव्हतं, आजी."



मुलगी घरी आली. अंगात रक्त भरलं, खेळायला लागली. तरी ताप म्हटलं की मी अजून घाबरते. तिचं अंग कोमट लागलं तरी तिला घेऊन कल्याणला डॉक्टरकडे धावते. तुकडा आपलं काम करतो, म्हणून थोड्या पेशी मोडतात आणि डोळ्यांत किंचित झाक राहते, असं डॉक्टरांनी मला आणि आईला समजावलं होतं.

ऑपरेशननंतर महिन्याभराने आई नातीला बघायला आली. पिशवी खाली ठेवली आणि पोरीला दारात उजेडाकडे उभी केली. इतक्या वर्षांनी तिचा अंगठा पापणीवर गेला.

"हाय," ती म्हणाली, "जरासा पिवला हाय. तुकडा हाय जाग्यावर."

आणि पोरीला पोटाशी धरून, माझ्या भावाचं नाव घेऊन, ती मोठमोठ्याने रडायला लागली.