जिथं एकदा सरकलं

प्रयोगशाळेतल्या बाई तेवीस वर्षं एकच काम करत आल्या होत्या. काचेसारख्या प्लास्टिकचा तुकडा यंत्रात धरायचा, वरचा जबडा एकीकडे आणि खालचा दुसरीकडे ओढायचा, आणि तुकडा कुठवर दम धरतो ते बघायचं. त्याआधी तुकड्यावर सुईनं एक सरळ रेघ मारायची. सगळी गंमत त्या रेघेत.

आज मात्र बाईंचं कामात लक्ष नव्हतं. वडील सहा महिन्यांच्या बोलीवर त्यांच्याकडे आले, त्याला चार वर्षं होत आली होती. रविवारी धाकटा भाऊ अण्णांना, म्हणजे वडिलांना, न्यायला येणार होता. त्याआधी त्याचा फोन येणार आणि तो न येण्याबद्दलच असणार, हे बाईंना पाठ होतं. या वेळी 'नाही' म्हणायचं, असं त्यांनी सकाळी दात घासतानाच पक्कं केलं होतं.

"बाई, तुटला नाही की! म्हणजे पास ना?" नवी विद्यार्थिनी म्हणाली.

"रेघ बघ आधी."

भार काढला होता, तरी रेघ मध्येच एका जागी बाजूला सरकलेली. बाकी सगळी सरळ.

"एकाच जागी कशी?"

"अगं, याच्या आत रांगाबिंगा नसतात, नुसती दाटी. ओढलं की इथले चार कण जागा बदलतात, तिथले चार. वरून पत्ताही लागत नाही. पण जिथं एकदा सरकलं, तिथली पकड सैल होते. मग पुढचा ताण आला की पुन्हा तिथंच सरकतं. एक बारीक पट्टा सगळं सोसतो आणि बाकीचा तुकडा आरामात."

"आणि भार काढल्यावर?"

"सरकलेलं परत येत नाही."

हे वाक्य त्यांनी आजवर कितीतरी पोरींना ऐकवलं होतं. आज ते त्यांना स्वतःलाच लागलं.

संध्याकाळी त्या दारात चपला काढत होत्या, तेवढ्यात फोन वाजला.

"ताई, अगं यंदा जरा अडचण आहे. आमची लिफ्ट बंद, तीन मजले अण्णा कसे चढणार? आणि त्यांना तुझीच सवय. तू म्हणून बरं, कधी नाही म्हणत नाहीस."

आधी घराचं रंगकाम होतं, मग मुलांच्या परीक्षा, आता लिफ्ट. पठ्ठ्याकडे सबबींना तोटा नव्हता. बाईंनी तोंड उघडलं. पण पाय भरून आले होते, कंबर ठणकत होती, आणि भांडायला लागतो तेवढा जीवही अंगात उरला नव्हता.

"बरं," त्या म्हणाल्या. फोन ठेवताना त्यांना स्वतःचीच चीड आली.

आत अण्णा पलंगाच्या कडेला बसले होते. कपड्यांची पिशवी भरून मांडीवर घेतलेली. दारातलं ते 'बरं' त्यांनी ऐकलं होतं.

"तो येत नाही ना?" त्यांनी विचारलं. मग म्हणाले, "मी फार जड झालोय का गं तुला?"

"नाही," बाई झटकन म्हणाल्या.

दिवसभर घोकलेला शब्द एकदाचा तोंडातून निघाला, तोही भलत्याच माणसापुढे. त्यांनी अण्णांच्या मांडीवरची पिशवी घेतली आणि एकेक सदरा पुन्हा कपाटात लावायला लागल्या.