मालिका बघता बघता सासूबाई बोलल्या

मैत्रिणींनो, आत्ताच गंगापूर रोडच्या दवाखान्यातून घरी आलेय. खूप आनंदात आहे.

गेल्या आठवड्यात मी आणि सासूबाई मालिका बघत होतो. त्यातली बाई छातीतली गाठ घरच्यांपासून लपवत होती. मी चिडून म्हटलं, "ही सांगत का नाही?"

सासूबाई हळूच म्हणाल्या, "लाज वाटते गं. मलाही गाठ आहे, चार महिने झाले."

दुसऱ्याच दिवशी त्यांना तपासायला नेलं. आज रिपोर्ट आला. गाठ साधी आहे, कॅन्सर नाही! डॉक्टरांसमोरच आम्ही दोघी रडलो.

रिक्षात त्या म्हणाल्या, "नाशिक रोडच्या माझ्या बहिणीलाही तपासून आणू. ती माझ्याहून लाजाळू."

तुमच्या घरात असं कोण गप्प आहे? आज विचाराल?