आधी कोण मरणार

नव्वदच्या दशकात मी बहरीनला नोकरी करत होतो. माहूज भागातल्या एका फ्लॅटमध्ये मी आणि रत्नागिरीचा एक मुसलमान सहकारी एकत्र राहायचो. शुक्रवारी नमाजहून परतताना तो काऊबॉयच्या जुन्या सिनेमाची कॅसेट आणायचा. आमची पैज असायची. आधी कोण मरणार ते सांगायचं, चुकेल त्याने भांडी घासायची. दर वेळी मीच घासायचो. गोऱ्या हिरोचा रेड इंडियन सोबती पडद्यावर आला की माझा सहकारी शांतपणे म्हणायचा, "हा जाणार."

हा कॅसेट आधीच बघून येतो, अशी माझी खात्री झाली. म्हणून एकदा जिदहफ्सच्या दुकानातून मीच कॅसेट आणली आणि कव्हर लपवून ठेवलं. तरी थोड्याच वेळात तो म्हणाला, "हा जाणार."

"खरं सांग, कुठे बघितलास हा पिक्चर?"

"बघायला कशाला हवा? आपल्या हिंदी पिक्चरमधला टोपीवाला मुसलमान चाचा आठव. हिरोसाठी गोळी कोण खातो? लहानपणापासून मी त्याच्याकडेच बघतो. तू हिरोकडे बघत असशील."

माझी नजर खरंच कधी त्या चाचावर थांबली नव्हती. आणि ज्याच्या हातचं कालवण रोज खात होतो, त्याला मी लबाड ठरवून बसलो होतो.

तो भात लावायला आत गेला. तिथूनच त्याने विचारलं, "गेला काय रे?"

पडद्यावर हिरो त्या सोबत्याचे डोळे मिटत होता.

"वाचला," मी म्हणालो. निदान एकदा तरी तो सोबती वाचावा, असं वाटलं.

"मग आज भांडी माझी," तो म्हणाला. त्याने माझ्यावर विश्वास ठेवला की नाही, ते त्याच्या आवाजावरून मला कळेना.