परातीखालचा डाव

या, जरा जवळ सरका बघू. आणि ते दात काढणं पुरे, आजीचं ऐकायचं तर नीट ऐका! मी स्वतः असल्या गोष्टींना थोतांड म्हणणारी बाई... कुणी भुताखेताचं सांगायला लागलं की मी टीव्हीचा आवाज वाढवते.

गेल्या रविवारी सकाळी घाटकोपरला एका शाळेच्या हॉलमध्ये बुद्धिबळाची स्पर्धा होती. माझी नात इरा, अकरा वर्षांची, काळ्या मोहऱ्यांनी खेळणार होती. समोर विक्रोळीची सई. मी दाराच्या काचेतून बघत होते — सईची खुर्ची रिकामी. अर्धा तास घड्याळ चाललं, मग पंचांनी इराला जिंकल्याचं सांगितलं. पटावरचं एकही प्यादं हललं नव्हतं.

बाहेर आली ती कार्टी चिडूनच. "आजी, डाव मध्येच का थांबवला त्यांनी?"

"अगं, खेळत कोणाशी होतीस? खुर्चीशी?"

"सई होती ना! नुसती कुडकुडत होती. पहिलीच चाल ए-थ्री... कडेचं प्यादं एक घर पुढे. असं कोण सुरू करतं, यार!"

चालींचा कागद माझ्या हातात दिला. सईच्या पंधरा आणि इराच्या चौदा चाली लिहिलेल्या.

तरी मी हसलेच. मग दोघींच्या बुद्धिबळाच्या सरांनी माझ्यासमोर सईच्या आईला फोन लावला. "सॉरी हं सर, कळवायचं राहिलं... पोरगी तापाने फणफणलीय. सकाळपासून एकच बडबड — ए-थ्री, ए-थ्री."

म्हटलं, पाठ केलेलं आलं असेल तोंडात.

संध्याकाळी मुलुंडला घरी इराने कागदावरून तो डाव पटावर मांडला आणि पुढची चाल केली. मी कांदा चिरत होते. "आजी, तिचा वजीर मारला!" दहा मिनिटांत सरांचा फोन — सईला आत्ताच आयसीयूत हलवलंय.

मी पटावर परात उपडी घातली, वर पोळपाट ठेवला.

काल इरा शाळेत गेल्यावर धीर करून परात उचलली... सईचा पांढरा राजा एक घर सरकला होता.

आता चाल इराची आहे, आणि तिनेही परातीखाली डोकावून पाहिलंय. "आजी, करू ना? पुढच्याच चालीत मात आहे गं!" सारखी मागे लागते. आणि सई अजून शुद्धीवर नाही.

तुमच्यात कुणाला बुद्धिबळ कळत असेल तर या ना घरी. थालीपीठ लावते, चहा टाकते. फक्त एवढं बघून द्या — हा डाव बरोबरीत सोडवता येतो का. पण लवकर या हं... मी किती वेळ इराचा हात धरून ठेवू?