पुसलेली रेघ

माझा धंदा जमीन उकरण्याचा. घरांचे पाये, शेततळी, पाईपलाईनचे चर, शोषखड्डे, कुणाची गाळानं भरलेली विहीर असेल तर तीही. देगलूरपासून लातूरपर्यंत जिथून बोलावणं येईल तिथं माझं मशीन जातं. वीस वर्षं हे काम केल्यावर माणसांबद्दल माझं मत काही फार चांगलं उरलेलं नाही.

नांदेडच्या एका जुन्या गल्लीत गटाराचा चर घेत होतो. पाच फुटांवर माती संपली आणि कॅरीबॅगा लागल्या. थरच्या थर, रंगसुद्धा न उडालेले. देगलूरला एका बंगल्याच्या पायात जुना उकिरडा निघाला. मी मालकाला म्हणालो, हे सगळं आधी उचलावं लागेल. तो म्हणाला, "राहू द्या की. वरून फरशी येणार हाय, कुणाला दिसायलंय?" हे वाक्य मी इतक्या लोकांकडून ऐकलंय की आता ऐकलं तरी तोंड कडू होतं.

पण सगळ्यात घाण काम लातूरचं. तिथं क्लासला येणाऱ्या पोरापोरींची हॉस्टेलं आहेत, आणि चाळीस जणांसाठी बांधलेल्या संडासाच्या टाकीवर दीडशे जण बसवलेले असतात. असंच एक हॉस्टेल माझ्याकडे होतं. टाकी तुंबली की मालक मला फोन करी, मी मैला उपसणारा टँकर पाठवी आणि शोषखड्डा पुन्हा खोदून देई. झाकण उघडलं की केसांचे गुंते, पॅड, वेफर्सची पाकिटं आणि मेसचे निळे प्लास्टिकचे टोकन वर येत. जेवण चुकवणारी मुलं ते टोकन संडासात टाकत, म्हणजे उरलेल्या टोकनांवरून घरी कळत नाही. मालक नाकाला रुमाल लावून लांब उभा राही आणि हात हलवून "लवकर न्या" म्हणे. कुठं न्यायचं, हे त्यानं कधी विचारलं नाही. मीही टँकरवाल्याला विचारलं नाही. आमच्या धंद्यात माल उचलला की तो विषय संपतो. उरलेला विचार गाडीवाल्यानं करायचा असतो.

या सगळ्याचा वीट येतो म्हणून मी आकाशाचे फोटो काढायला लागलो. दिवसभर खाली बघितल्यावर रात्री वर बघायचं, एवढाच हिशेब. लातूरपासून वीसेक किलोमीटरवर एक माळ आहे. माळाच्या उतारावर एका निवृत्त गुरुजींचं शेत आहे, शेतात विहीर आणि दोन खोल्यांचं घर. पाच वर्षांपूर्वी अवसेच्या रात्री मी त्यांच्या बांधावर कॅमेऱ्याची तिकटी लावत होतो. गुरुजी बॅटरी घेऊन आले, काय चाललंय ते समजून घेतलं आणि म्हणाले, "मग विहिरीजवळ लावा की. तिथून ध्रुव चांगला दिसतो." तेव्हापासून दर अवसेला मी तिथंच. उत्तरेकडं तोंड करून कॅमेरा लावायचा, अर्ध्या अर्ध्या मिनिटाचे तीनशे फोटो घ्यायचे आणि घरी कॉम्प्युटरवर एकमेकांवर चढवायचे. ध्रुवाभोवती ताऱ्यांची वर्तुळं उमटतात. फोटो निघत असताना गुरुजी बाजेवर बसून गप्पा मारत आणि विहिरीच्या पाण्याचा तांब्या माझ्यापुढं ठेवत. तसं गोड पाणी मी दुसरीकडं प्यालेलो नाही.

हे घर बौद्धांचं. आमच्या घरी हे कळलं तेव्हा आई पहिलं वाक्य बोलली ते, "पाणी पितोस का तिथलं?" मी पितो म्हणालो. त्यानंतर चार दिवस ती माझा पेला वेगळा घासत होती. मला आईची किळस आली होती, हे लिहायला लाज वाटते, पण आली होती. आणि आपण किती पुढं गेलेले आहोत, असा ताठाही आला होता.

मागच्या वर्षी माझ्या फोटोंत एक त्रास सुरू झाला. वर्तुळं छान येत, पण खालच्या बाजूला माळावरून एक पांढरी-लाल रेघ सरकत जाई, एका जागी थांबे आणि परत फिरे. कुणाची तरी गाडी. मी बांधावरून तिचे दिवे बघे आणि मनातल्या मनात शिव्या घाली. घरी येऊन ती रेघ पुसून टाकी. त्यातलाच एक पुसलेला फोटो मी मोठा करून, काचेची चौकट घालून गुरुजींना दिला. त्यांनी तो पुढच्या खोलीत बुद्धाच्या तसबिरीशेजारी लावला. येणाऱ्या प्रत्येकाला सांगत, "आमच्या विहिरीवरनं काढलेला हाय."

यंदा उन्हाळ्याच्या तोंडाला गुरुजींचा फोन आला. "आमची देवणी गाय हौदाला तोंड लावंना झालीय. धाकट्या नातीचे जुलाब आठ दिवस झाले थांबंनात, दवाखान्यात ठिवलंय तिला. विहिरीत गाळ साचलाय का, तेवढं बघून द्या."

मी पंप घेऊन गेलो. पाण्याचा पहिला फवारा बाहेर पडला आणि मला कळलं. तो वास माझ्या ओळखीचा होता. गाळाचा नव्हता.

हे पाणी आता कुणी प्यायचं नाही, एवढं गुरुजींना सांगून मी माळ चढून वर गेलो. वर माझीच जुनी खदान आहे. एका रस्त्याच्या कामासाठी मी तिथून मुरूम काढला होता आणि खड्डा भरून देईन, असा जागेच्या मालकाला शब्द दिला होता. खदान काठापर्यंत काळ्या-करड्या राडीनं भरलेली होती. वर माशांचं मोहोळ. राडीच्या कडेला केसांचे गुंते होते, पॅड होते आणि निळे टोकन होते. मी काडीनं एक टोकन उलटून बघितलं; त्याच हॉस्टेलच्या मेसचं होतं.

टँकरवाल्याला फोन लावला. तो शांतपणे म्हणाला, "साहेब, तुम्हीच म्हनला होता ना, खदान भरायची हाय, काहीबी टाक. शहराजवळ शेतकरी दगडं मारतेत. हितं कुणी बोलत न्हाई."

म्हणालो होतो. पाडलेल्या भिंतीच्या राड्यारोड्याबद्दल म्हणालो होतो, पण म्हणालो होतो. काळी माती पाणी धरून ठेवते आणि मुरूम ते खाली सोडतो, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार? त्याच ज्ञानावर मी लोकांना शोषखड्ड्याची जागा दाखवतो.

घरी येऊन जुने फोटो उघडले. न पुसलेले सगळे ठेवलेले होते. रेघ दरवेळी खदानीपाशीच थांबलेली. अकरा अवसा. अकरा वेळा मी विहिरीजवळ बसून तांब्यातलं पाणी प्यालो होतो, ती गाडी डोळ्यांनी बघितली होती आणि नंतर माझ्याच हातानं पुसली होती. त्या रात्री मला माझ्या हातांची घाण वाटली, साबणानं धुतले तरी.

नात दवाखान्यातून घरी आल्यावर मी लॅपटॉप घेऊन गुरुजींकडं गेलो. सगळं सांगितलं; खदान माझी, टाकी माझ्या कामाची, शब्दही माझाच. गुरुजींनी चष्मा लावून एकेक फोटो बघितला. मग भिंतीवरच्या चौकटीकडं बघितलं आणि विचारलं, "ही रेघ पुसायला किती येळ लागतो?"

"दोन मिनिटं."

त्यांनी चष्मा काढून लॅपटॉप मिटला. म्हणाले, "तक्रार मी देतो. तुमचं नाव तुम्ही लिवा." मी लिहिलं. पुढं आठ दिवस मशीन लावून ती खदान मीच उपसली. गडी लावले नाहीत, आणि राडी शहराच्या मैला-केंद्रावरच उतरते, हे प्रत्येक टँकरमागं जाऊन बघितलं. लोक नाकाला रुमाल लावून लांब उभे राहत. तपासणीचा कागद आला तेव्हा त्यात लिहिलं होतं, पाणी पिण्यास अयोग्य. किती पावसाळ्यांनी सुधारेल, ते कुणी सांगत नाही.

परवा गेलो तेव्हा भिंतीवर चौकट तीच होती, आतला फोटो मात्र त्यांनी माझ्याकडून मागून घेतलेला, रेघेसकटचा होता. गुरुजींनी नातीला हाक मारली, तिनं पाण्याचा तांब्या आणून माझ्यापुढं ठेवला. मी हात पुढं केला आणि तो आपोआप थांबला. गुरुजींनी ते बघितलं.

"जारचं हाय," ते म्हणाले. "विकतचं. तुम्ही बिनघोर प्या."